थकलेला पगार आणि महिदपूरची लढाई
क्षिप्राकाठच्या महिदपुरात २१ डिसेंबर १८१७ रोजी होळकर इंग्रजांशी लढले. त्या लढाईचं मूळ होळकरांच्याच छावणीत शोधावं लागतं. १८११ साली यशवंतराव होळकर वारले. गादीवर अल्पवयीन मल्हारराव, कारभार तुळसाबाईंच्या हाती आणि फौजेचा पगार कायमचा थकलेला. दरबारी मंडळींना तह हवा होता. पलटणींच्या सरदारांना तह म्हणजे थकबाकी बुडणं आणि चाकरी जाणं. त्यांनी लढाईच्या आदल्याच दिवशी क्षिप्रेकाठी तुळसाबाईंचा शिरच्छेद केला. मग तहाचं बोलणार कोण?

इंग्रजांना माळवा गिळायचाच होता, दरबार एकदिलाचा असता तरी काय फरक पडला असता, असं कुणी म्हणेल. गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जने लाखाहून जास्त फौज जमवली होती, हे खरंच. पण त्याच वेढ्यात सापडलेल्या दौलतराव शिंद्यांनी नोव्हेंबरात तहावर सही करून लढाई टाळली. दडपण दोघांवर सारखंच होतं. होळकरांकडे निर्णय मात्र पगार थकलेल्या फौजेच्या हातात गेला. ६ जानेवारी १८१८ ला मंदसौरचा तह होऊन होळकरांचा बराच मुलूख गेला. गंमत म्हणजे, फौजेतल्या गफूरखानाची जावऱ्याची जहागीर मात्र त्याच तहाने पक्की झाली.