वाट निवडण्याचे शिक्षण : सायकल, नकाशा आणि आपले शिवार

मराठवाड्यातील ग्रामीण विद्यार्थ्याच्या आयुष्यात सायकल येते ती बहुधा शाळेसाठी. मानव विकास कार्यक्रमातून गरजू मुलीला मिळालेली सायकल असो किंवा थोरल्या भावाने वापरून धाकट्याला दिलेली जुनी सायकल असो, तिचा रस्ता ठरलेला असतो : घर ते शाळा आणि शाळा ते घर. पाच-सहा वर्षे त्या एकाच रस्त्याने ये-जा केलेल्या मुलाला डाव्या हाताच्या टेकडीपलीकडे कोणते गाव आहे, हे अनेकदा सांगता येत नाही. हा दोष मुलाचा नव्हे. नकाशा हाती घेऊन आपली वाट आपण निवडावी, असे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. ही उणीव भरून काढू शकेल अशा एका खेळाची ओळख या लेखात करून द्यावयाची आहे. त्याचे नाव माउंटन बाइक ओरिएंटियरिंग. सोप्या मराठीत सांगायचे तर, नकाशा वाचत सायकलवरून मार्ग शोधण्याचा खेळ.

ओरिएंटियरिंग हा मूळचा उत्तर युरोपातील खेळ. सैनिकांच्या नकाशावाचनाच्या सरावातून तो जन्मला. सर्वांसाठी खुली अशी पहिली स्पर्धा १८९७ साली नॉर्वेत झाली. पुढे स्वीडनमध्ये अर्न्स्ट किलांडर यांनी १९१९ पासून तरुणांमध्ये त्याचा प्रसार केला. १९६१ मध्ये त्याची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. पायी धावत, बर्फावरून घसरत आणि सायकलवरून असे त्याचे प्रकार आहेत. सायकलवरील प्रकाराची पहिली जागतिक स्पर्धा २००२ साली फ्रान्समधील फाँतेनब्लो येथे झाली. आपल्याकडे राष्ट्रीय छात्र सेनेच्या शिबिरांतून नकाशा आणि होकायंत्र शिकविले जाते. त्यामुळे या खेळाचा पाया आपल्या विद्यार्थ्यांना अगदीच अनोळखी नाही.

खेळाची रीत साधी आहे. सुरुवातीलाच प्रत्येकाच्या हाती एक नकाशा दिला जातो. त्यावर जांभळट रंगात प्रारंभाचा त्रिकोण, शेवटाचे दुहेरी वर्तुळ आणि मधल्या ठाण्यांची क्रमांकित वर्तुळे छापलेली असतात. प्रत्यक्ष जमिनीवर त्या ठिकाणी पांढरे-नारिंगी निशाण असते. ठरलेल्या क्रमाने प्रत्येक ठाण्यावर जाऊन तशी नोंद करायची आणि सर्वांत कमी वेळात परत यायचे. दोन ठाण्यांमध्ये कोणत्या वाटेने जावे, हे कोणीही सांगत नाही. सायकल वाटेत टाकून पुढे जाता येत नाही. चालविता आली नाही तर ती ढकलत किंवा खांद्यावर घेऊन न्यावी लागते.

या खेळाचा नकाशाही विशेष असतो. साधारणपणे तो १:१०,००० ते १:२०,००० या प्रमाणाचा असतो. म्हणजे १:१५,००० च्या नकाशावरील एक सेंटिमीटर हे जमिनीवरील १५० मीटर होत. तपकिरी रेषा उंचसखलपणा दाखवितात, निळा रंग पाणी, काळा रंग खडक व माणसाने केलेली बांधकामे, पिवळा रंग मोकळी जमीन, तर हिरवा रंग दाट झाडी. सायकलच्या नकाशाचे वेगळेपण वाटांच्या रेषांत आहे. वाट किती रुंद आहे, याबरोबरच तिच्यावरून सायकल किती वेगाने जाऊ शकेल, हेही रेषा सांगते. रेषा सलग असेल तर वाट वेगाची. तिचे तुकडे जितके आखूड, तितकी वाट खडतर. हा नकाशा हँडलवर बसविलेल्या फिरत्या पाटीवर लावतात, म्हणजे सायकल वळली की नकाशाही वळविता येतो.

खेळाचे मर्म वाट निवडण्यात आहे, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, पुढचे ठाणे टेकडीच्या पलीकडे सरळ एक किलोमीटरवर आहे. टेकडीवरून पाऊलवाट जाते. तिच्यावर माथ्यापर्यंत चार समोच्च रेषा ओलांडाव्या लागतात. दोन रेषांमधील अंतर २० मीटर असेल, तर अर्ध्या किलोमीटरमध्ये ८० मीटरचा चढ झाला. एवढ्या चढावर सायकल ढकलावीच लागते. ताशी तीन किलोमीटरच्या गतीने त्याला दहा मिनिटे लागतील आणि पलीकडे उतरायला आणखी तीन. दुसरी गाडीवाट टेकडीला वळसा घालून २.४ किलोमीटर जाते, पण ती सपाट आहे. ताशी १५ किलोमीटरने ते अंतर दहा मिनिटांच्या आत सरते. जवळची दिसणारी वाट येथे लांबची ठरली. बलवान पायांचा विद्यार्थी टेकडीवर दमत असताना, रेषा मोजणारी विद्यार्थिनी शांतपणे वळसा घालून पुढे निघून जाऊ शकते. म्हणूनच हा खेळ केवळ दणकट मुलांचा उरत नाही.

इतिहासाचा शिक्षक या नात्याने येथे एका गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. नकाशा ही वस्तू दीर्घकाळ सामान्य माणसाची नव्हती. विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ सुरू केलेल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची मुख्य रेषा बिदरजवळच्या दामरगिद्द्यावरून उत्तरेला वऱ्हाडाकडे गेली. आजच्या नांदेड जिल्ह्याच्या पूर्व भागातून ती जाते. हे काम चालू असतानाच १८२३ मध्ये लॅम्बटन यांचे वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे निधन झाले. त्या काळी हा मुलूख निजामाचा होता. साखळ्या ओढणारे, निशाणे धरणारे आणि जड यंत्रे डोंगरावर वाहणारे मजूर येथलेच. परंतु त्यांच्या श्रमातून तयार झालेला नकाशा त्यांच्या हाती कधी आला नाही.

याच सर्वेक्षणाने हिमालयापलीकडे पाठविलेले नैनसिंग रावत हे पेशाने शाळामास्तर होते. १८६५-६६ मध्ये ते वेषांतर करून ल्हासापर्यंत गेले. त्यांच्या जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी होते. दर शंभर पावलांना एक मणी ओढून ते अंतर मोजीत आणि नोंदी प्रार्थनाचक्रात लपवून ठेवीत. १८७७ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले. एका गावच्या मास्तराने पावले मोजून केवढे काम केले, हे आपल्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगितले पाहिजे. आपण मण्यांऐवजी चाकाचे फेरे मोजू शकतो. टायरवर खडूची खूण करून चाक एक फेरा पुढे ढकलावे आणि ते अंतर टेपने मोजावे. २६ इंची चाकाचा फेरा साधारण दोन मीटर सात सेंटिमीटर भरतो. म्हणजे एका किलोमीटरला सुमारे ४८० फेरे.

स्वातंत्र्यानंतरही मोठ्या प्रमाणाचे अनेक नकाशे सर्वसामान्यांना सहज मिळत नसत. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरिकांसाठी खुली मालिका निर्माण केली आणि २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी नकाशे करण्यावरील बरीच बंधने दूर केली. भारतीय सर्वेक्षण विभागाची १:५०,००० प्रमाणाची स्थलदर्शक पत्रके आज शाळेला मिळविता येतात. जुन्या क्रमांकपद्धतीनुसार नांदेड शहर ५६ ई या गटात, तर लातूर शहर ५६ बी या गटात येते. या पत्रकावर दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर.

मात्र नकाशा वाचताना त्याचे साल आधी वाचावे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी परिसरातील अनेक गावे जुन्या जागेवरून उठून नव्या जागी वसली. त्यापूर्वीच्या सर्वेक्षणाचे पत्रक घेऊन निघालेल्या सायकलस्वाराला, जेथे गाव असावयास हवे तेथे मोकळी जागा दिसेल. नकाशा खोटे बोलत नाही. तो आपल्या काळाचे बोलतो. ऐतिहासिक साधनांची चिकित्सा वर्गात तासभर समजावून जे साधत नाही, ते अशा एका फेरीत साधते.

तलाठ्याकडील गावनकाशाही याच दृष्टीने पाहावा. त्यात शिवरस्ते, पांदण रस्ते, ओढे आणि गटांच्या हद्दी असतात. जमिनीवर कुठे पांदण बुजलेली, कुठे बांध सरकलेला आढळतो. वाट कोणाची, हा प्रश्न आपल्या देशात कधीच साधा नव्हता. १९२४ साली वायकोम येथे सत्याग्रह करावा लागला तो मंदिराभोवतालच्या सार्वजनिक रस्त्यावरून चालता यावे एवढ्यासाठी. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना रस्त्याची मनाई होती, त्यांच्या नातवंडांनी नकाशा हाती घेऊन स्वतःची वाट ठरवावी, याला केवळ खेळापलीकडचा अर्थ आहे.

आता व्यवहाराकडे वळू. या छंदाला महागडी सायकल लागत नाही. गिअरची, जाड टायरची सायकल उत्तम. पण शिकण्यासाठी साधी सायकलही चालते, मात्र ब्रेक चांगले हवेत. हेल्मेट, पाण्याची बाटली, शिट्टी, होकायंत्र, हवेचा पंप आणि पंक्चरचे साहित्य बरोबर असावे. आपल्या माळरानावर सराटे आणि बाभळीचे काटे मुबलक आहेत. पंक्चर काढता न येणाऱ्याने दूर जाऊ नये. होकायंत्र पाहताना सायकलपासून दोन-चार पावले दूर उभे राहावे, कारण लोखंडामुळे सुई भरकटते.

ऋतूचे भान अत्यावश्यक आहे. पावसाळ्यात काळी माती चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये अशी बसते की सायकल जागची हलत नाही. एप्रिल-मे मधील ऊन जीवघेणे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत योग्य. तेव्हा ज्वारी, हरभरा, करडई शेतात उभी असते. म्हणून वाट सोडून पिकात शिरावयाचे नाही, हा नियम कडक असावा. नकाशावरील निळी रेघ म्हणजे पाणी असेल असे गृहीत धरू नये. आपले बहुतेक ओढे हिवाळ्याच्या शेवटी कोरडे पडतात. कठडा नसलेल्या विहिरी आणि जुन्या खदानी शिक्षकांनी आधी स्वतः पाहून नकाशावर ठळक नोंदवाव्यात.

प्रदेश तर आपल्याला विपुल लाभला आहे. कंधार आणि माहूरचा डोंगराळ भाग, किनवटची वनराई, औसा तालुक्यातील जांभ्या खडकात कोरलेल्या खरोसा लेण्यांचा परिसर, उदगीरकडची बालाघाटाची पठारे, मांजरा-तेरणेचे काठ : प्रत्येक ठिकाणी वाटांचे जाळे निराळे. वनक्षेत्रात वनविभागाची आणि शेतांच्या कडेने शेतकऱ्यांची अनुमती मात्र आधी घ्यावी.

सुरुवात शाळेभोवतालच्या दोन-तीन किलोमीटरमध्ये करावी. आठवीच्या विद्यार्थ्यांनी प्रथम त्या परिसराचा नकाशा स्वतः तयार करावा : रस्ते, पांदणी, विहिरी, मोठी झाडे, पूल, टेकड्या. त्यावर आठ ठाणी निश्चित करावीत. प्रत्येक ठाण्यावर एका पत्र्याच्या पाटीवर एक अक्षर लिहावे आणि विद्यार्थ्याने ते आपल्या कार्डावर उतरवून आणावे. मुलांना दोघा-दोघांच्या जोडीने सोडावे. साठ मिनिटांची मर्यादा असावी. दूरच्या ठाण्याला अधिक गुण आणि उशिराला वजावट. मोबाइल पिशवीत बंद असावा, केवळ संकटात उघडण्यासाठी. हमरस्ता ओलांडावा लागणार नाही अशीच आखणी करावी. परत आल्यावर प्रत्येक जोडीने आपण कोणती वाट घेतली आणि का घेतली, हे फळ्यावरील नकाशावर दाखवावे. निकालापेक्षा ही चर्चा अधिक मोलाची आहे. कारण वाट चुकलेला विद्यार्थी येथे आपली चूक मोजून दाखवू शकतो आणि पुढच्या वेळी ती टाळू शकतो.

निवासी शाळेला या बाबतीत एक मोठी सोय आहे. मुले आणि शिक्षक रविवारीही एकत्र असतात. माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी सर्वेक्षणात, कोणी सैन्यात, कोणी भूमी अभिलेख खात्यात असतील. त्यांनी वर्षातून एक रविवार शाळेला द्यावा. सायकली आपल्या आवारात आहेतच. पहिला नकाशा एका हिवाळ्यात तयार होऊ शकेल आणि त्याच्या कोपऱ्यात, जेथे सर्वेक्षकाचे नाव आणि साल लिहिण्याची प्रथा आहे, तेथे आपल्या आठवीच्या वर्गाचे नाव लिहिता येईल.