खर्जाची चाकरी

१९६३ साली हॉलिवुडातील कॅपिटल रेकॉर्ड्सच्या ध्वनिमुद्रणगृहात ठरल्या वेळी बेस गिटारवादक हजर झाला नाही, तेव्हा साथीची गिटार वाजविण्यासाठी आलेल्या कॅरल के या बाईंच्या हाती ते वाद्य देण्यात आले. आणि त्या एका गैरहजेरीमुळे अमेरिकेच्या लोकप्रिय संगीताला त्या दशकातील सर्वांत बोलका खर्ज लाभला, असे माझे मत आहे.

१९३५ साली वॉशिंग्टन राज्यातील एव्हरेट येथे जन्मलेल्या कॅरलबाईंचे आईवडील दोघेही वादक होते. तेराव्या वर्षी आईने गिटार दिली, चौदाव्या वर्षी बाई स्वतःच शिकवण्या करू लागल्या, आणि लॉस एंजेलिसच्या क्लबांतून बीबॉप जॅझ वाजवीत असता १९५७ साली गायक सॅम कुक यांच्या ध्वनिमुद्रणाचे बोलावणे आले. जीव जॅझवर जडलेला होता, परंतु पदरी मुले असताना क्लबाच्या तुटपुंज्या बिदागीवर संसार चालणे दुरापास्त होते. म्हणून त्यांनी स्टुडिओची चाकरी पत्करली.

ही चाकरी तीन तासांच्या बैठकीच्या हिशेबाने चाले. मेहनताना वादकसंघाने ठरविलेल्या दराने मिळे, आणि तबकडी लाखांनी खपली तरी वेष्टनावर वादकाचे नाव बहुधा नसेच. मुंबईच्या चित्रपटसंगीतात गोव्याहून आलेल्या कितीतरी वादकांच्या वाट्याला हेच आले, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगावयास नको. कॅरलबाईंच्या ध्वनिमुद्रणांचा अंदाज दहा हजारांच्या घरात केला जातो.

त्यांच्या वादनाची खूण ज्याला ओळखावयाची असेल त्याने त्यांची फेंडर बेस जवळून पाहावी. घोडीला लागून, तारांवर, फेल्टचा दुमडलेला तुकडा चिकटवून त्या नादाची लांबण कापून टाकीत आणि बोटांऐवजी टणक नखीने तार छेडीत. त्यामुळे स्वर उमटताच मिटे, आणि लहानशा रेडिओच्या कर्ण्यातूनही खर्जाचा प्रत्येक ठोका टपोरा होऊन कानी पडे. नॅन्सी सिनात्रा यांच्या ‘दीज बूट्स आर मेड फॉर वॉकिन्’मध्ये चक बर्गहोफर यांच्या उभ्या बेससोबत हाच ठोका चालतो, बीच बॉइज्‌च्या १९६६ च्या ‘पेट साउंड्स’मध्ये तो ब्रायन विल्सन यांच्या गुंतागुंतीच्या स्वररचनेला आधार देतो. ‘द बीट गोज ऑन’ हे सनी आणि शेर यांचे गीत तर एकाच स्वरमेळावर रेंगाळणारे. त्याला जिने चाल आली ती बेसची सरगम बाईंनी स्टुडिओतच सुचविली. ‘मिशन : इम्पॉसिबल’च्या शीर्षकसंगीतातही त्या आहेत. पण मला सर्वांत प्रिय आहे ती ग्लेन कॅम्बेल यांच्या १९६८ च्या ‘विचिटा लाइनमन’च्या प्रारंभीची उतरती स्वरावली: गायक तोंड उघडण्यापूर्वीच सारा ओसाड माळ डोळ्यांपुढे उभा करणारी. त्याच गाण्यातील मधला एकल तुकडा कॅम्बेल यांनी बाईंचीच डॅनइलेक्ट्रो बेस मागून घेऊन वाजविला.

एका वादाचा उल्लेख टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या काही गाजलेल्या गीतांतील बेस आपला असल्याचे बाई सांगतात. अनेक जाणकार तो कंपनीचे बेसवादक जेम्स जेमरसन यांचा मानतात, आणि त्यांचा पक्ष मला अधिक बळकट वाटतो. मात्र जेमरसन यांचेही नाव मोटाउनच्या वेष्टनावर प्रथम आले ते १९७१ च्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’वर. प्रारंभापासूनच नावे छापण्याचा रिवाज असता, तर दोन थोर वादकांच्या बाबतीत आपण दस्तऐवज चाळीत बसलो नसतो.

१९६९ साली अतिश्रमाने थकून कॅरलबाईंनी स्टुडिओचे काम काही काळ सोडले व ‘हाउ टु प्ले द इलेक्ट्रिक बेस’ हे पाठ्यपुस्तक काढले. पुढे १९७६ च्या मोटार अपघाताने वादनावर मर्यादा आल्या तरी शिकविणे थांबले नाही. स्टिंगसारख्या वादकाने त्यांच्या पुस्तकावरून धडे गिरविले आहेत.

ड्रमवादक हॅल ब्लेन यांनी त्या काळच्या स्टुडिओवादकांना दिलेले ‘रेकिंग क्रू’ हे नाव बाईंना कधीच मान्य झाले नाही. २०२५ साली ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ने त्यांची निवड जाहीर केली, तेव्हा नव्वदीतल्या कॅरलबाईंनी, स्टुडिओतील वादकांच्या कामाचे यथार्थ प्रतिबिंब या सन्मानात पडत नाही असे कळवून, तो नाकारला.