हातमोजा कुठे घालावा, कुठे काढावा

हिमायतनगरला, म्हणजे जुन्या वाढोण्याला, लाकूड नवे नाही. किनवटच्या सागवान जंगलाच्या वाटेवरचे हे गाव. कुऱ्हाड आणि दोघांनी ओढायची करवत इथल्या हातांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक. आता मात्र वादळात आडवी झालेली बाभूळ असो की रस्त्यावर पडलेला लिंब, माणसे कुऱ्हाड शोधत नाहीत, मशीनवाल्याला फोन करतात. मशीन म्हणजे चेन सॉ. आमच्याकडे तिला नुसते 'कटर' म्हणतात. ती चालवणारी तरुण मुले मला एक प्रश्न हमखास विचारतात : सर, हातमोजे घालायचे की नाही?

प्रश्न साधा वाटतो, पण मुलांचा गोंधळ खरा आहे. मशीन विकणारा दुकानदार सांगतो, घाला. आरागिरणीत हयात घातलेला म्हातारा मिस्त्री सांगतो, चुकूनही घालू नका. मी स्वतः औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत लेथ शिकवण्यात नोकरी घालवली. लेथसमोर हातमोजे घालून उभ्या राहिलेल्या मुलाला मी आधी मोजे काढायला लावत असे, मगच बटण दाबू देत असे. असे असूनही कटरच्या बाबतीत माझे मत दुकानदाराच्या बाजूने आहे. दोघांचेही बरोबर आहे, कारण दोघे वेगवेगळ्या मशीनबद्दल बोलत आहेत.

आधी मिस्त्रीचे म्हणणे समजून घेऊ. लेथ, ड्रिल, आरागिरणीतला गोल आरा यांच्यात मशीन जागेवर पक्के असते आणि माणसाचा हात फिरत्या भागाजवळ जातो. उघड्या बोटाला फिरता भाग घासला तर जखम होते, कातडी फाटते, पण पुष्कळदा हात सुटून येतो. हातमोज्याचे कापड किंवा चामडे फाटत नाही. ते गुंडाळले जाते आणि आतला हात सोबत ओढते. मिनिटाला १००० फेरे घेणारा लेथ सेकंदाला सोळा फेरे पुरे करतो. काहीतरी अडकले हे मेंदूला कळून हात मागे घ्यायला साधारण एक पंचमांश सेकंद लागतो. तेवढ्यात तीन फेरे झालेले असतात. वीस सेंटिमीटर व्यासाचा चक असेल तर तीन फेऱ्यांत जवळजवळ दोन मीटर कापड गुंडाळले जाईल. आपल्या हाताची लांबी एक मीटरसुद्धा नसते. सावध आणि चपळ माणूसही इथे वाचत नाही, तो या हिशेबामुळे.

शेतकऱ्याच्या ओळखीचे उदाहरण द्यायचे तर हडंबा घ्या. सोयाबीनच्या सुगीत रात्री बारा-बारापर्यंत मळणी चालते. डोळ्यांवर झोप, समोर धुरळा. काड बोचते म्हणून कुणी हातमोजे घालतो, कुणी हाताला फडके गुंडाळतो, बायांच्या हातात बांगड्या आणि खांद्यावर पदर असतो. ड्रम पेंढी ओढतो तसाच फडकेही ओढतो. मळणीयंत्राने हात गेलेली माणसे आपल्या भागात किती गावांत आहेत ते तुम्ही मनातल्या मनात मोजा. या अपघातांसाठी आपल्या देशात १९८३ साली धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा वेगळा कायदाच झाला आणि त्यात मळणीयंत्रावर मुख्य भर आहे. पेंढी सारायचे तोंड झाकलेले आणि एवढे लांब असावे की हात ड्रमपर्यंत पोचू नये, ही सुरक्षित यंत्रामागची कल्पना. त्याच्याही आधी, १९४८ च्या कारखाना अधिनियमातल्या २२ व्या कलमाने चालत्या यंत्राजवळ काम करणाऱ्या माणसाच्या अंगात घट्ट बसणारे कपडे असावेत असे सांगितले होते. सैल कापड आणि फिरते यंत्र यांचे वैर सरकारालाही जुनेच ठाऊक आहे.

आता कटर हातात घ्या. इथे सगळे उलट आहे. लाकूड जागेवर आहे आणि मशीन माणसाच्या हातात. उजवा हात मागच्या मुठीवर, बोट रेसच्या खटक्यावर. डावा हात पुढच्या दांडीवर, अंगठा खालून वळवून पक्का धरलेला. दोन्ही हात असे असतील तर साखळी चालू असताना कोणताही हात तिच्यापाशी जाण्याचे कारणच नाही. म्हणजे गुंडाळले जाण्याची भीती जवळजवळ उरत नाही. उरते ती दुसरी भीती : पकड सुटण्याची. घामाने, ऑइलने, भुशाने मूठ निसरडी होते. पात्याच्या टोकाचा वरचा भाग फांदीला टेकला तर मशीन डोळ्याची पापणी लवायच्या आत उसळून अंगावर येते. अशा वेळी डाव्या हाताची पकड सुटली तर हात पुढे घसरतो, साखळीच्या दिशेने. कटरच्या जखमा पायांवर आणि डाव्या हातावर अधिक दिसतात, त्याचे कारण या धरण्याच्या पद्धतीतच आहे.

म्हणून खास कटरसाठी बनवलेल्या बहुतेक हातमोज्यांत एक गंमत दिसते. डाव्या मोज्याची पाठ जाड, उजव्याची साधी. दुकानात जोडी पाहून एखाद्याला वाटावे की माल सदोष आहे. त्या जाड पाठीत लांब, चिवट धाग्यांचे थर असतात. साखळीने वरचे कापड फाडले की हे धागे बाहेर ओढले जातात, दातेरी चक्रात जाऊन बसतात आणि साखळी अडते. म्हणजे मघाशी ज्या गुंतण्याला आपण शत्रू म्हटले, तेच इथे राखण करते. फरक एवढाच की लेथवर मोजा हाताला गुंतवतो, इथे धागे मशीनला गुंतवतात. मात्र याला मर्यादा आहे. युरोपातल्या मानकांप्रमाणे अशा मोज्यांची चाचणी सेकंदाला १६, २०, २४ आणि २८ मीटर अशा साखळीच्या वेगांवर होते. चांगले पेट्रोल कटर पूर्ण रेसवर २० मीटरच्या पुढे जाते. विजेवर किंवा बॅटरीवर चालणाऱ्या कटरची मोटार धागे अडकूनही जोर लावत राहू शकते, तेव्हा तिथे त्या थरांवर फार विसंबू नये.

आपल्या बाजारात असे मोजे सहज मिळत नाहीत, हे मलाही दिसते. मग काय घालावे? तळव्याला मऊ चामडे, बोटांना नेमके बसणारे आणि मनगटाशी घट्ट बंद होणारे मोजे. रेसचा खटका बोटाला जाणवला पाहिजे, ही माझी परीक्षा. वेल्डिंगचे जाड लांब मोजे इथे नकोत. खटका कळत नाही आणि तोंड सैल असते. सुती विणलेले मोजे ऑइलने भिजले की निसरडे होतात, शिवाय त्यांचे धागे लोंबतात. मे महिन्यात ४३ अंशांत मोजे नकोसे होतात, हे खरे. त्यासाठी दोन जोड्या ठेवाव्यात आणि घामेजलेली उन्हात वाळत घालावी. मशीन बंद करून साखळी काढताना आणि कानस मारताना तर मोजे हवेतच. तिचे दात थांबलेलेही कापतात.

पण खरा धोका मला दुसरीकडेच दिसतो. आपल्याकडे एकजण कटर चालवतो आणि दुसरा ओंडका हाताने किंवा पायाने दाबून धरतो. चालवणाऱ्याचे हात मुठीवर आहेत, धरणाऱ्याचा हात थेट साखळीच्या वाटेत. त्याला मोजे दिल्याने काही साधत नाही. त्याला तिथून उठवा. ओंडका दोन लाकडांच्या कैचीत ठेवा, फांदीला पाचर लावा. हे काम पाच मिनिटांचे असते, आणि मजुरी झाडावर ठरलेली असल्यामुळे ती पाच मिनिटे कुणी देत नाही.

मोज्यांनी थरथर थांबते असाही समज आहे. ती फारशी थांबत नाही. १९१८ साली अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात ॲलिस हॅमिल्टन या डॉक्टर बाईंनी हवेच्या दाबावरची छिन्नी चालवणारे चुनखडीचे पाथरवट तपासले. थंडीत त्यांची बोटे पांढरीफटक पडत. पुढे कटर चालवणाऱ्या जंगल कामगारांतही हाच आजार आढळला. उष्ण प्रदेशात पांढरी बोटे कमी दिसतात, पण मुंग्या आणि बधिरपणा येतोच. रात्री बोटे बधिर होऊन जाग येत असेल तर काम कमी करा आणि डॉक्टरांना दाखवा. त्याआधी साखळीला धार आहे का आणि मुठीखालचे रबर शाबूत आहे का, तेही पाहा. बोथट साखळी दुप्पट वेळ घेते आणि तेवढा वेळ हात हादरत राहतो.

पैसे मोजकेच असतील तर मी पहिला खर्च मोज्यांवर करणार नाही. आधी साखळीचा ब्रेक चालतो का पाहीन, मग डोळ्यांना चष्मा, पायात भक्कम बूट, मांड्यांना संरक्षक आवरण. मोजे त्यानंतर. हा खर्च मशीनच्या मालकाने करावा, रोजाने येणाऱ्या पोराने नव्हे.

आणि एवढे करून बोट तुटलेच, तर जखमेवर स्वच्छ कापड दाबून हात उंच धरा. तुटलेले बोट ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बोट थेट बर्फात टाकू नका, पाण्यातही बुडवू नका. हळद, चहाची पूड काही लावू नका. हिमायतनगरहून भोकरमार्गे नांदेड गाठेपर्यंत वेळ जाणारच आहे, तेव्हा निघण्यापूर्वी दवाखान्याला फोन करून बोट जोडणारे डॉक्टर आहेत का, हे विचारून घ्या.