मुक्या जीवांचे ऋतुमान

सांगली जिल्ह्याच्या उत्तर टोकाचा आटपाडी तालुका पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतो. माणदेशाच्या या मुलखात खिलार बैल आणि शेळ्या-मेंढ्यांचे कळप हेच पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्याचे भांडवल ठरले. टेंभू योजनेचे पाणी आले, डाळिंबाच्या बागा फुलल्या, गोठ्यात संकरित गाई आल्या आणि पेठेतल्या घरांत हौसेने पाळलेली कुत्री-मांजरे आली. ऊन मात्र पूर्वीचेच राहिले. २०१२-१३ च्या दुष्काळात येथील जनावरांनी चारा छावण्यांत काढलेले दिवस अजून विस्मरणात गेलेले नाहीत.

तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : बांधून ठेवणे, मारणे, अवयव छेदणे, शक्तीपलीकडे भार लादणे आणि अन्नपाणी रोखणे. मारण्याचा विचारही ज्या घरात होत नाही, तेथेही उरलेल्यांपैकी काही अतिचार नकळत घडतात. पत्र्याच्या शेडखाली साखळीने जखडलेला कुत्रा, भर दुपारी पोत्यांनी लादलेली बैलगाडी, दुकानापुढची कोरडी पडलेली कुंडी ही त्याची नित्याची उदाहरणे होत.

उन्हाळा

कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच त्याचा शरीर थंड ठेवण्याचा मुख्य मार्ग. त्याचे सामान्य तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. उन्हाच्या तडाख्याने ते १०४ च्या पुढे गेल्यास जिवाला धोका संभवतो. चिकट लाळ, गडद लाल हिरड्या आणि झोकांड्या ही लक्षणे दिसताच त्याला सावलीत न्यावे, पोट, मांड्या व पंजांवर साधे गार पाणी ओतावे, पंखा लावावा आणि तातडीने पशुवैद्याकडे न्यावे. बर्फ वापरू नये, तोंडात बळेच पाणी ओतू नये. पगसारख्या चपट्या नाकाच्या जातींना हा धोका अधिक असतो.

फिरायला नेण्यापूर्वी हाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवावी. पाच-सात सेकंद चटका सोसवला नाही, तर कुत्र्याचे पंजेही भाजणार हे ओळखावे. काचा लावलेल्या मोटारीत तर प्राण्याला दहा मिनिटेही ठेवू नये.

खिलार जनावर ऊन बरेच सोसते. संकरित गाय सोसत नाही, तिचे दूध लगेच घटते. गोठ्याच्या पत्र्यावर पाचट अंथरावे, वारा खेळता ठेवावा, दिवसातून चार-पाच वेळा पाणी दाखवावे आणि कडबा संध्याकाळनंतर टाकावा. कारण वैरण पचतानाही शरीरात उष्णता निर्माण होते.

पावसाळा

घटसर्प आणि फऱ्या यांच्या लसी पाऊस सुरू होण्यापूर्वीच टोचून घ्याव्यात. पहिल्या पावसानंतरचे कोवळे गवत मेंढ्या अधाशासारखे खातात आणि आंत्रविषाराने तडकाफडकी दगावतात. त्याचीही लस आहे. २०२२ मध्ये महाराष्ट्रात पसरलेल्या लम्पी त्वचारोगाने चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचीड यांचा धोका साऱ्यांना दाखवून दिला. गोठा कोरडा ठेवणे हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय होय.

गोचिडांमुळे कुत्र्यांनाही गंभीर ताप येतो. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो; वखारीत राहणाऱ्या कुत्र्याला त्याची लस अवश्य द्यावी. रेबीजला तर ऋतू नाही. पिलू तीन महिन्यांचे होताच पहिली लस आणि पुढे पशुवैद्याच्या सल्ल्याने नियमित मात्रा द्याव्यात. कोणालाही कुत्रे चावल्यास जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच दवाखाना गाठावा. या रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर उपाय जवळजवळ उरत नाही.

हिवाळा, सण आणि वखार

थंडीत कोकरांना आणि पिलांना गोणपाटाची ऊब लागते. मांजर उबेसाठी मोटारीच्या इंजिनापाशी शिरते. गाडी सुरू करण्यापूर्वी बॉनेटवर थाप मारावी.

सांगली-तासगावचा बेदाणा व्यापाऱ्यांच्या घरोघरी असतो. तो, तसेच द्राक्षे, कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरतात. चॉकलेट आणि झायलिटॉल असलेली साखरविरहित च्युइंगगम ही त्याला विषच. कांदा-लसणानेही कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या रक्तपेशी नष्ट होतात. जैन स्वयंपाकघरात ते नसले, तरी बाहेरून आलेल्या फरसाणात असू शकतात. वखारीत उंदरांसाठी विष ठेवल्यास विष खाऊन मेलेला उंदीर मांजराच्या पोटात जातो. हिंसा एकाच जीवाशी थांबत नाही. धान्य बंद कोठीत ठेवावे, भिंतीतील बिळे बुजवावीत.

अन्नदानाचा विवेक

सर्वांत मोठी चूक पुण्याच्या भावनेने होते. लग्न किंवा पारण्यानंतर उरलेला भात, पुऱ्या आणि बुंदी टोपल्या भरून गाईपुढे ठेवल्या जातात. गाईचे पोट चाऱ्यासाठी घडलेले आहे. शिजलेले धान्य आणि गोड पदार्थ तेथे भराभर आंबतात, आम्ल वाढते, रवंथ थांबतो आणि गाय एक-दोन दिवसांत दगावू शकते. पिशवीसकट टाकलेले अन्न तिच्या पोटात प्लास्टिकचा गोळा साठवते. त्याऐवजी हिरवी वैरण किंवा कडब्याच्या पेंढ्या द्याव्यात. पक्ष्यांच्या पाण्याच्या परळातले पाणीही रोज बदलावे, अन्यथा त्यात डासांची अंडी वाढतात.

दशवैकालिक सूत्राने ज्ञानाला दयेच्या आधीचे स्थान दिले आहे, ते उगाच नव्हे. व्यापारी समाजाने ही दया प्रत्यक्षात उतरवल्याचा इतिहासही आहे. मुंबईत बेवारस कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेवरून १८३२ मध्ये दंगल उसळली. पुढे १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई आणि जैन व्यापारी शेठ मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने तेथील पांजरपोळ उभी राहिली. संतापाला त्यांनी व्यवस्थेचे रूप दिले.

आजची व्यवस्था फार खर्चाची नाही. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा विनाशुल्क क्रमांक आहे. तो दुकानाच्या भिंतीवर लिहून ठेवावा. दिवाळीत नवी वही घालताना एक पान घरच्या आणि दारच्या मुक्या जीवांसाठी राखावे आणि लसींच्या तारखा त्यावर मांडाव्यात. येणे-देणे चुकू नये म्हणून जी दक्षता आपण घेतो, तीच येथेही घेतली पाहिजे.