कुलूप कोणाच्या दाराचं?

शेजारच्या काकूंना परवा मेसेज आला : वीजबिल थकलंय, आज रात्री कनेक्शन तोडू. सोबत लिंक. मी पोचले तेव्हा त्या कार्डाचा नंबर शोधत होत्या. 'काकू, थांबा,' म्हटलं, तर म्हणाल्या, 'अगं, एचटीटीपीएस आहे की. सुरक्षित असतं ना ते?'

हा समज आपणच लोकांच्या मनात रुजवला. 'पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएस आणि शेजारी कुलपाचं चिन्ह बघा, मग पैसे भरा,' असं वर्षानुवर्षं सांगत आलो. पण ते कुलूप असतं वाटेपुरतं. तुमचा फोन आणि समोरची साइट यांच्यामधली माहिती सांकेतिक होऊन जाते, वाटेत कुणी डोकावलं तरी काही कळत नाही. समोर कोण बसलंय, याची हमी त्यात नाही. भामट्याची साइट असेल, तर तुमचा पासवर्ड सुखरूप त्याच्याच हाती पोचतो.

कुलपासाठी प्रमाणपत्र लागतं. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था 2015 पासून ते फुकट देते. फार मोलाचं काम आहे हे, छोट्या शाळेची साइटही त्यामुळे सुरक्षित झाली. मात्र तिथे तपासलं जातं ते एवढंच, की साइटचा पत्ता अर्जदाराच्या ताब्यात आहे का. हेतू कोण तपासणार? गूगलच्या 2021 च्या पाहणीत कुलपाचा नेमका अर्थ फक्त 11 टक्के लोकांना सांगता आला. शेवटी 2023 मध्ये गूगलने आपल्या क्रोम ब्राउझरमधून ते चिन्हच काढलं.

मग बघायचं काय? पत्ता, आणि तोही उलटा. सुरुवातीच्या दुहेरी तिरक्या रेघा सोडा, पुढची पहिली एकेरी रेघ शोधा आणि तिथून डावीकडे वाचत या. मालक कोण, ते या टोकाला कळतं. त्याच्या डावीकडे मालक वाटेल ते नाव लावू शकतो, तुमच्या बँकेचंसुद्धा.

बँकांपुरतं हे आता सोपं झालंय. रिझर्व्ह बँकेने 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत सगळ्या बँकांना 'डॉट बँक डॉट इन'वर यायला सांगितलं होतं. हा पत्ता फक्त बँकांनाच मिळतो. मात्र रेघेच्या लगेच आधी हेच शब्द हवेत, मधे कुठेतरी असून चालत नाही.

काकूंना चष्मा दिला आणि दोघींनी मिळून तो पत्ता उजवीकडून वाचला. आधी डॉट कॉम, मग कुठलंसं अनोळखी नाव. वीज कंपनीचं नावही होतं, अगदी डाव्या टोकाला.