आपल्याच पेठेत, एकट्यानं, फोन घेऊन

प्रपोजल लिहायला बसण्याआधी एक काम करा. रविवारी सकाळी फोन घ्या आणि आपल्याच पेठेत एकटे फिरा. मित्र बरोबर असला की निम्मा वेळ चहात जातो.

मी शुक्रवार पेठेतून पंचगंगा घाटाकडे असाच निघालो, २०१९ आणि २०२१ च्या पुराच्या खुणा भिंतींवर शोधत. चाळीसेक फोटो काढले. घरी येऊन बघतो तर एकही कामाचा नाही! खूण जमिनीपासून किती उंच, हे कशातच कळेना. राजाराम बंधाऱ्यावर पातळी मोजतात, ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. पण तो आकडा बंधाऱ्यावरचा. तुमच्या दारात पाणी किती चढलं, ते भिंतच सांगते.

म्हणून फ्रेममध्ये मोजपट्टी हवी. उभं राहिलात ती जागा, दिशा, तारीख वहीत लिहा, म्हणजे पुढच्या वर्षी तिथूनच तोच फोटो घेता येईल. याला रिपीट फोटोग्राफी म्हणतात. १८८८ पासून आल्प्समधल्या हिमनद्या अशाच अभ्यासल्या गेल्या. खूण कुठल्या पुराची, ते घरातल्या आजींना विचारा. फोटोची परवानगीही तेव्हाच मागा.

दुसऱ्या खेपेला मी टेप घेऊन गेलो. तोवर दोन भिंतींना दिवाळीचा रंग लागला होता.