मताची हुंडी कोण वटवणार?

रोडपालीतील कोणत्याही दुकानाच्या गल्ल्यापाशी अर्धा तास उभे राहावे. साखर, स्क्रू, साडी किंवा स्टीलचा डबा यांपैकी काही विकले जाईल वा जाणार नाही. मते मात्र अखंड वाटली जात असतात. कोणता मोबाइल घ्यावा, कोणत्या कंपनीच्या तेलात भेसळ आहे, कोणती बँक बुडणार, कोणती मालिका घरात लावू नये, विमानतळामुळे जागेचे भाव कुठवर जातील. मालाला भाव असतो, वजन असते, बिल असते. मताला यातले काहीच नसते. आणि तरीही गिऱ्हाईक पिशवीत माल घेऊन जाते तसे डोक्यात हे मतही घेऊन जाते.

कळंबोली नोडमधील हा भाग तसा वयाने लहान. एका अंगाला लोखंड-पोलाद बाजार, दुसऱ्या अंगाला तळोजा औद्योगिक वसाहत, आणि जवळच मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचा आरंभ. मुंबईतील लोखंड बाजार इकडे आला, त्यामागे व्यापारी आले, हमाल-माथाडी आले, ट्रकवाले आले. सेक्टर १७ आणि २० मधील इमारतींच्या तळमजल्यांवर दुकानांच्या रांगा उभ्या राहिल्या. ऑक्टोबर २०१६ मध्ये पनवेल महानगरपालिका झाली आणि हा सारा परिसर शहरात गणला जाऊ लागला. येथील गिऱ्हाईक साताऱ्याचे आहे, कोकणातले आहे, उत्तर प्रदेशातलेही आहे. गावापासून दूर आलेल्या माणसाला सल्ला विचारायला जवळचे वडीलधारे कोणी नसते. म्हणून तो दुकानदाराला विचारतो, “शेठ, हे खरं आहे का?”

या एका प्रश्नामुळे व्यापाऱ्याच्या मताचे स्वरूप बदलते.

जैन परंपरेने बोलण्याचा हा प्रांत फार पूर्वीच मोजून ठेवला आहे. विकथा चार: स्त्रीकथा, भक्तकथा, देशकथा आणि राजकथा. भक्तकथा म्हणजे भोजनाच्या गप्पा. देशकथा आणि राजकथा म्हणजे आजच्या भाषेत बातम्या आणि राजकारण. मोबाइल उघडल्यावर दिसणारे रकाने यांहून फारसे वेगळे नाहीत. श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंड-विरमण आहे आणि तत्त्वार्थसूत्रात त्याचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत मौखर्य, असमीक्ष्याधिकरण आणि उपभोगाची अधिकता ही तिन्ही येतात. वायफळ बोलणे, विचार न करता साधनांचा पसारा मांडणे, गरजेपेक्षा अधिक भोग्यवस्तू जमवणे. गप्पा, तंत्रज्ञान आणि खरेदी एकाच व्रताच्या दोषांत बसवणाऱ्या आचार्यांपुढे दुकानातला मोबाइल नव्हता, हे विशेष.

परंतु व्यापाऱ्याची अडचणही खरी आहे. देशकथा सर्वस्वी सोडली तर धंदा कसा चालेल? २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे दर बदलले. ती बातमी ज्याने वेळेवर वाचली नाही, त्याचे बिलिंग चुकले. पोलादाच्या भावावर परिणाम करणारी परदेशातील घडामोड कळंबोलीच्या गोदामाला ऐकावीच लागते. तेव्हा बातमी ऐकावी की नाही, हा प्रश्नच नाही. आपण जे पुढे सांगतो त्यामागे आपले काय लागले आहे, एवढाच प्रश्न आहे.

दहा रुपयांच्या नाण्याचे उदाहरण यासाठी फार बोलके आहे. रुपयाचे चिन्ह असलेले नाणे खरे आणि नसलेले खोटे. दहा रेघांचे चालते, पंधरा रेघांचे चालत नाही, असे काहीतरी कोणी तरी म्हणाले. सरकारने असा कोणताही आदेश काढला नव्हता. तरी देशभर दुकानदार, रिक्षावाले आणि भाजीवाले ते नाणे नाकारू लागले. रिझर्व्ह बँकेला १७ जानेवारी २०१८ रोजी पत्रक काढून सांगावे लागले की, तोवर दहा रुपयांची नाणी १४ वेगवेगळ्या रचनांत निघाली आहेत आणि ती सर्व विधिग्राह्य आहेत. १४४४० हा दूरध्वनी क्रमांकही त्यासाठी दिला गेला. नाणेविषयक २०११ च्या कायद्यानुसार एक रुपया व त्यावरील नाणी एका वेळी एक हजार रुपयांपर्यंत देणे कायदेशीर आहे. इतके असूनही “आमच्याकडे चालत नाही” हे वाक्य अनेक गल्ल्यांवरून पुढे वर्षानुवर्षे ऐकू येत राहिले. यात नुकसान कोणाचे झाले? मजुरीची चिल्लर घेऊन येणाऱ्या माणसाचे. दुकानदाराचे मत त्याच्या खिशातून वसूल झाले.

मिठाची गोष्ट अशीच. नोटाबंदीनंतर तिसऱ्या दिवशी, ११ नोव्हेंबर २०१६ च्या संध्याकाळी, मीठ संपणार अशी अफवा उत्तर भारतात उठली आणि वेगाने पसरली. हातात नोटा नसलेल्या लोकांनी मिठासाठी रांगा लावल्या आणि अनेक ठिकाणी मीठ भलत्याच भावाने विकले गेले. समुद्रकिनारा असलेल्या, मिठाच्या उत्पादनात जगात अग्रेसर असलेल्या देशात! पनवेल-उरण-पेण पट्ट्यातल्या माणसाला मिठागरांची ओळख सांगावी लागत नाही. पण अफवेला भूगोल लागत नाही. त्या संध्याकाळी चढा भाव घेणाऱ्याला चार पैसे सुटले असतील; दुसऱ्या दिवशी भाव खाली आला तेव्हा गिऱ्हाइकाने ते चेहरे लक्षात ठेवले असणार.

बँकांच्या बाबतीत हा प्रकार अधिक नाजूक होतो. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले. लगोलग काही व्यापारी बँका बंद होणार असल्याचे संदेश फिरू लागले आणि २५ सप्टेंबरला रिझर्व्ह बँकेने ते वृत्त खोटे असल्याचे जाहीर केले. म्हणजे चर्चा खोटी ठरली. उलट पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने खरोखरच रद्द केला. ठेव विम्याची मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये एक लाखावरून पाच लाखांवर गेलेली असल्याने सुमारे ९५ टक्के ठेवीदारांना पूर्ण रक्कम मिळण्याची सोय होती. उरलेल्यांत मोठ्या ठेवीदारांचा समावेश होता, आणि मोठ्या ठेवी कोणाच्या असतात हे व्यापारी कुटुंबांना सांगायला नको.

खोटी चर्चा आणि खरी चर्चा कानाला सारखीच लागते. फरक कागदात असतो. सहकारी बँकेचा सभासद दरवर्षी अहवाल घेतो, वार्षिक सभेचा अल्पोपाहारही घेतो. परंतु थकीत कर्जाचे प्रमाण, लेखापरीक्षणाचा वर्ग आणि लेखापरीक्षकाचे शेरे लिहिलेली पाने उघडणारा सभासद विरळा. क्रिकेटच्या एका षटकावर जेवढी मते गल्ल्यावर मांडली जातात, त्याच्या दशांश वेळात ती पाने वाचून होतात. पाच लाखांपेक्षा अधिक ठेव एका बँकेत ठेवणाऱ्या कुटुंबाने तरी ती वाचावीत, असे म्हणणे फार कठोर होणार नाही.

जुन्या व्यापाऱ्यांना या गोष्टीची शिस्त हुंडीने शिकवली होती. हुंडी पुढच्याला देताना मागे सही करावी लागे. १८८१ च्या चलनक्षम दस्तऐवज कायद्याच्या भाषेत हे पृष्ठांकन. मूळ देणाऱ्याने पैसे दिले नाहीत, तर मागे सही करणारा जबाबदार धरला जातो. ती जबाबदारी नको असेल तर तसे सहीसोबत स्पष्ट लिहावे लागते. आणि तसे लिहिलेला कागद बाजारात कोणी उत्साहाने घेत नाही. आज मोबाइलवरील संदेशाखाली “जसे आले तसे पुढे पाठवले” असे लिहिलेले असते. हेही जबाबदारी नाकारणारे पृष्ठांकनच. चमत्कार असा की, हुंडीच्या बाबतीत ज्या कागदाला शेठने हात लावला नसता, तोच कागद तो संदेश म्हणून दोनशे घरांत पाठवतो.

आणि किंमत नेहमी पैशातच चुकवली जाते असे नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून जमावाने भिक्षेकरी समाजातील पाच जणांना ठार केले. मुले पळवणाऱ्यांविषयीचे संदेश त्याआधी फिरत होते. त्यानंतर व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणांपुरताच पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. ज्या समाजात मुंगीवर पाय पडू नये म्हणून जमीन पाहून चालतात, त्या समाजाने हे प्रकरण वाणीच्या हिंसेचे उदाहरण म्हणून पाठशाळेत सांगावे, इतके ते जवळचे आहे.

खरेदीच्या बाबतीत मते आणि वागणे यांतील अंतर तर मोजताच येते. दहा मिनिटांत सामान घरी आणून देणाऱ्या कंपन्या किराणा धंदा बुडवणार, यावर रोडपालीत कोणाचेही दुमत नाही. ते बोलताना दुकानदाराच्याच मुलाचा चार्जर त्याच कंपनीचा मुलगा आणून देतो. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. सोय ही सोय असते. मात्र दोन गोष्टींत गल्ल्यावरचा माणूस आजही पुढे आहे. पगार लांबला तर महिनाअखेरपर्यंत वहीवर थांबण्याची तयारी ही एक. दुसरी म्हणजे माल ओळखण्याची. हिरवा ठिपका पाहून निश्चिंत होणारी जैन कुटुंबे पुष्कळ आहेत. परंतु तो ठिपका शाकाहाराचा आहे, जैन आहाराचा नव्हे. कांदा, लसूण, बटाटा त्यात चालतात, आणि नियमातील व्याख्येनुसार मधही चालतो. मधाचा त्याग केलेल्या घरात बिस्किटाच्या पुड्यामागची बारीक अक्षरे वाचावीच लागतात. मोबाइलवरील ‘जैन’ ही खूण कोणी, कशावरून लावली, हे पडद्यावर दिसत नाही. शेठला विचारता येते, आणि चुकीचे सांगितले तर दुसऱ्या दिवशी त्याला गाठताही येते.

“शेवटचे दोनच नग शिल्लक” असे पडद्यावर लुकलुकते तेव्हा मात्र व्यापाऱ्याच्या घरातली माणसेही घाई करतात, हे नवल आहे. ही युक्ती त्यांच्या आजोबांना पाठ होती. केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा १३ फसव्या पद्धतींवर बंदी घालणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली. खोटी घाई दाखवणे आणि न मागितलेली वस्तू गुपचूप बिलात घालणे त्यांत आहेत. १९१५ या ग्राहक क्रमांकावर तक्रार करता येते. तक्रार करणारे थोडे, कंपनीला शिव्या देणारे फार.

मतामागे स्वतःचे काही लावणे म्हणजे काय, हे गेल्या वर्षी नांदणीने दाखवले. जुलै २०२५ मध्ये न्यायालयाच्या आदेशानंतर शिरोळ तालुक्यातील नांदणी मठाची महादेवी ऊर्फ माधुरी हत्तीण जामनगरच्या वनतारा केंद्रात नेण्यात आली. ३ ऑगस्टला नांदणीहून कोल्हापूरपर्यंत हजारो लोक मूक पदयात्रेने चालत गेले. अनेकांनी रोष म्हणून आपला मोबाइल क्रमांक जिओतून दुसऱ्या कंपनीकडे नेला. हत्तिणीच्या प्रकृतीविषयीचा समितीचा अहवाल किती जणांनी वाचला होता, हा प्रश्न विचारता येईल, आणि तो विचारायला हवा. तरीही चाळीसहून अधिक किलोमीटर चालणे आणि गाडीभाड्यासह एक दिवसाची मजुरी सोडणे, हे घरी बसून लाल तोंडाची चित्रे पाठवण्याहून निराळे आहे. रोडपालीच्या गटांतही त्या आठवड्यात संदेशांचा पूर आला असेल, तर त्यातले किती चालले असते, हे ज्याचे त्याने पाहावे.

मनोरंजनाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. रात्री नऊच्या वादचर्चेत आठ माणसे एकाच वेळी ओरडतात, त्यास बातमी म्हणणे हा शब्दावरचा अन्याय आहे. दिगंबर आचार्यांनी अनर्थदंडाच्या प्रकारांत दुःश्रुति, म्हणजे चित्त कलुषित करणारे ऐकणे, वेगळे काढले आहे. घरातील मुले मालिका पाहतात म्हणून रागावणाऱ्या वडिलांनी आपला रात्री नऊचा तास कोणत्या खात्यात नोंदवायचा ते ठरवावे.

पर्युषण जवळ आले की या फोनांचे आणखी एक रूप दिसते. संवत्सरीच्या दिवशी सकाळपासून ‘मिच्छा मि दुक्कडम्’ लिहिलेली सुबक चित्रे येऊ लागतात. क्षमावाणीला उत्तम क्षमेची येतात. फुले, दिवे, हात जोडलेली आकृती, खाली एखाद्या पेढीचे नाव. एकच चित्र एकाच माणसाला चार नातेवाइकांकडून येते, आणि तोही ते पुढे पाठवतो. लोखंड बाजारातील काही वयस्क व्यापारी अजून वेगळी रीत पाळतात. वर्षभरात ज्याच्याशी तोलावरून, परत आलेल्या धनादेशावरून किंवा भागीदारीवरून खटका उडाला, त्याच्या गाळ्यावर जाऊन ते समोर उभे राहतात. तिथे पुढे पाठवण्यासारखे काही नसते. पहिले वाक्य स्वतःलाच सुचावे लागते, आणि ते सुचेपर्यंत समोरचा माणूस बहुधा खुर्ची पुढे करतो.